मदत हवी आहे: पाऊण टनी पिकअपसाठी एक स्टिअरिंग स्टॅबिलायझर की दोन?

अमेरिकेत वापरात असलेल्या माझ्या पाऊण टनी (तिथल्या वजन-वर्गाचे रूढ नाव) डिझेल पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. अडीच इंचांचे लेव्हलिंग किट (गाडीची पुढची बाजू उचलणारे) व ३५ इंची टायर बसवल्यापासून ताशी ६० मैलांच्या आसपास पुलाच्या सांध्यावरून जाताना स्टिअरिंगला झटका बसतो आणि ते लगेच शांत होते. वेग कमी केल्याशिवाय न थांबणारी थरथर, म्हणजे ‘डेथ वॉबल’, एकदाही झालेली नाही.

स्टॅबिलायझर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा डॅम्पर) दोष झाकतो, दुरुस्त करत नाही, याची कल्पना असल्यामुळे चाकांचे बॅलन्सिंग नव्याने करून घेतले, हवेचा दाब बदलून पाहिला, इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग हलवायला लावून ट्रॅक बारचे (आसाला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके तपासली, पण कुठेही ढिलेपणा आढळला नाही. उंची वाढल्याने घटलेला कॅस्टरही (चाके आपोआप सरळ आणणारा, स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) दुरुस्त केला आहे. मूळ स्टॅबिलायझरमधून मात्र तेल पाझरते आहे.

एकेरी गॅसभरित स्टॅबिलायझरचा दांडा सतत बाहेर ढकलला जात असल्याने स्टिअरिंग एका बाजूला ओढू शकते. समोरासमोर बसवलेल्या जोडीत हा जोर परस्पर कटतो, परंतु वळणानंतर चाके सरळ येण्यास उशीर होईल अशी शंका वाटते. (जोडी दिसते रुबाबदार, पण तो निकष नाही.)

आठ हजार पौंडांचा ट्रेलर नियमित ओढायचा आहे, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ असते, वेल्डिंग करायचे नाही आणि खर्चाची मर्यादा ४०० डॉलर आहे. अशा वापरात थ्रू-शाफ्ट रचनेचा (दांडा दोन्ही टोकांतून बाहेर येत असल्याने एका बाजूला न ढकलणारा), घट्टपणा बदलता येणारा एकच स्टॅबिलायझर पुरेल, की जोडीच घ्यावी?