ताडोबात राहून ऑफिसचं काम: मोहर्ली बरं की कोलारा?

प्रश्न
फेब्रुवारीत सोमवार ते रविवार आम्ही दोघं ताडोबाला जातोय. रजा नाही, रोज ११ ते ८ काम आणि प्रत्येकाचे दोन-तीन व्हिडिओ कॉल. सकाळच्या चार सफारी करायच्या आहेत. मुक्काम कोणत्या गेटजवळ करावा? वायफाय आहे असं सगळेच रिसॉर्टवाले सांगतात, त्यावर किती विसंबावं?

प्रतिसाद १
मोहर्ली. वाघ दोन्हीकडे आहेत, पण मोहर्लीपासून चंद्रपूर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. नेट दिवसभर गेलंच तर शहरात हॉटेलची खोली घेऊन काम उरकता येतं. कोलारा नागपूरहून यायला सोयीचं, पण अडलं तर जवळ चिमूरच.

थंडीत सफारी उशिरा सुटते, उशिराच संपते. गेटवरून खोलीवर येऊन आंघोळ-नाश्ता होईपर्यंत ११ टळून जातात. सफारीच्या दिवशी पहिला कॉल १२ नंतरच घ्या. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइल नेता येत नाही, तेव्हा तेवढे चार-पाच तास तुम्ही कोणालाच सापडणार नाही. टीमला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मंगळवारी कोअर बंद असतं. लांबलचक मीटिंगा त्या दिवशी लावा आणि सफारी बुधवार ते शनिवार घ्या. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ स्वरूपात गेटवर लागतं.

प्रतिसाद २
'वायफाय आहे का' हा प्रश्नच विचारू नका. हे तीन विचारा:

लाइन फायबरची की सिमकार्डवाल्या राउटरची? राउटर इन्व्हर्टरवर आहे का? आणि तुम्हाला मिळणाऱ्या खोलीतून रात्री ८-९ वाजता काढलेला स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवाल का?

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. दुपारी पाहुणे जंगलात असतात तेव्हा नेट पळतं, रात्री सगळे परतले की तेच रांगायला लागतं. स्क्रीनशॉटमध्ये डाउनलोड नव्हे, अपलोड बघा. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस अपलोड हवा. दोघं एकाच वेळी कॉलवर असाल तर ८. लाइट गेली की जनरेटर मिनिटभरात सुरू होतो, पण इन्व्हर्टरवर नसलेला राउटर पुन्हा चालू होऊन नेट धरायला आणखी दोन-तीन मिनिटं घेतो. कॉल तुटतो तो तिथेच.

स्वतःची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम न्याच. व्हिडिओ कॉल तासाला १ ते दीड जीबी खातो, म्हणजे रोजच्या २ जीबीचा पॅक दुसऱ्या मीटिंगमध्ये संपतो. एकगठ्ठा डेटाचा पॅक निघायच्या आधीच मारा. पोहोचल्यावर फोनमध्ये सिग्नलचा डीबीएम आकडा बघा: उणे ९५ पर्यंत निवांत, उणे ११० च्या पुढे आवाज तुटणार. पत्र्याचं छप्पर सिग्नल अडवतं. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवा, पण जाळीच्या आत. व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलेला फोन वानरं उचलून नेतात.

प्रतिसाद ३
विजेचं राहिलं. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. गळती वजा जाता ६० च्या आसपास हाती लागतात. २० वॅट खाणारा लॅपटॉप त्यावर तीन तास चालतो. घेताना ६५ वॅटचा पीडी (लॅपटॉपही चार्ज करणारा यूएसबी-सी) पोर्ट आहे ना, ते तपासा, २२.५ वॅटवाल्या बँका फोनपुरत्याच. जुन्या कॉटेजमध्ये टेबलाजवळ प्लग नसतो, म्हणून तीन मीटरचा एक्स्टेन्शन बोर्डही घ्या.

प्रश्नकर्ता
खूप आभार. गुरुवारी रात्री ९ ला एक कॉल आहे, तो चुकवून चालणार नाही. नेट गेलं तर तेव्हा चंद्रपूर गाठता येईल?

प्रतिसाद १
अंधारात नको. मोहर्ली ते चंद्रपूरच्या वाटेवरचं पद्मापूर, दुतर्फा जंगल आहे. सांबर, रानडुकरं, कधी वाघही रस्ता ओलांडतो. गाडीची धडक बसली तर तुमच्यापेक्षा त्यांचा जीव आधी जातो. गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता नेट तपासा. डळमळीत वाटलं तर उजेडातच निघा, रात्रीचा मुक्काम चंद्रपुरात करा आणि शुक्रवारची सफारी बुकच करू नका. ती रविवारी सकाळी बसवा.