केंदाळ (जलपर्णी) काढलं, तरी पाण्याखालच्या वनस्पती परत येईनात : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातला आमच्या गावचा तलाव, कोल्हापूरच्या रंकाळा तलावापेक्षा बराच लहान. वरच्या अंगाला ऊस. गावचं सांडपाणी आत यायचं, ते गेल्या उन्हाळ्यात चर मारून वळवलं. केंदाळ दोनदा हातानं काढलं आणि काठावर न कुजवता लांब नेऊन टाकलं.

तरी पाणी हिरवंगारच. पांढरी थाळी दोरीनं सोडली की हातभर खोलीवरच दिसेनाशी होते. पूर्वी तळाला हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाणवनस्पती असायच्या. आता काठाला नुसतं पाणकणीस. फार वाईट वाटतं बघून. उजेड खाली पोचत नाही हे कळतंय, पण माझा संशय गाळावर आहे. तळाचा प्राणवायू संपला की गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो आणि त्यावरच हे हिरवं शेवाळ पोसतं ना? पाणी एकदा तपासून घेतलंय, गाळ नाही.

होडी नाही, तराफा आहे. गुरं पाणी पितात, म्हणून औषध नको. गवत्या मासाही नको, उरलीसुरली रोपं तोच खाईल.

गाळाचा नमुना किती जागी, किती खोलीपर्यंत घ्यायचा? पावसाआधी की नंतर? आणि प्रयोगशाळेला एकूण फॉस्फरस मोजायला सांगू, की लोहाला धरून बसलेला वेगळा?