प्रौढांसाठीच्या नृत्यावर कर असावा, की कला म्हणून त्याला सवलत मिळावी?

प्रश्न (लावणी कार्यक्रमाचा आयोजक, नागपूर):
नमस्कार. न्यूयॉर्क राज्यातील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला एक निकाल नुकताच वाचनात आला. ऑल्बनीजवळच्या एका क्लबमध्ये नर्तकी वस्त्रे उतरवत नृत्य करीत असत. तेथील कायद्यानुसार नाट्य व संगीत प्रयोगांच्या प्रवेशशुल्कावर विक्रीकर लागत नाही, आणि नृत्यरचनाही त्यात मोडते. म्हणून आपल्यालाही ही सूट मिळावी, असे क्लबचे म्हणणे होते. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ते फेटाळले. आमच्या मंडळात यावरून बरीच चर्चा झाली. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा कार्यक्रम आपल्याकडे करमुक्त राहू शकतो का, आणि राहावा का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद (करसल्लागार, धंतोली):
पूर्वी महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याने करमणूक कर घेतला जाई. १ जुलै २०१७ पासून तो जीएसटीत सामावला गेला. स्थानिक संस्थांनी आकारायचा कर तेवढा वेगळा राहिला. आता नृत्य, नाटक किंवा संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. ही सूट तिकिटाच्या रकमेवर ठरते आणि कार्यक्रम सोज्वळ आहे की शृंगारिक, हे त्यात विचारलेले नाही. कलाकाराच्या मानधनाची तरतूद मात्र निराळी आहे. तेथे दीड लाख रुपयांपर्यंतची सूट केवळ लोककला अथवा शास्त्रीय कलाप्रकारातील संगीत, नृत्य व नाट्याला आहे. त्यामुळे लावणी सादर करणाऱ्या कलावतीला ही सूट मिळते, पण आधुनिक नृत्य करणाऱ्या मुलीला या तरतुदीचा लाभ होत नाही, मग तिचे नृत्य कितीही सभ्य असो. बारमध्ये विकल्या जाणाऱ्या मद्याचा हिशेब याहून स्वतंत्र आहे, कारण मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्यावर राज्याचा कर लागतो.

प्रतिसाद (लोककलेच्या अभ्यासक, महाल):
ज्या देशात बैठकीची लावणी आहे, त्या देशाने न्यूयॉर्कचा निकाल फार काळजीपूर्वक वाचायला हवा. तेथे मुख्य वाद खाजगी खोलीत एकेका ग्राहकासमोर होणाऱ्या नृत्याचा होता, आणि ते नृत्यरचना ठरते हे क्लबला सिद्ध करता आले नाही, असे बहुमताने म्हटले. आपल्याकडे मोजक्या रसिकांसमोर, त्यांच्या फर्माईशीवर आणि त्यांनी दिलेल्या पैशांवरच बैठक उभी राहिली. ज्येष्ठ लावणी कलावती यमुनाबाई वाईकर यांनी ती गायकी आणि अदाकारी जपली आणि त्यांना पद्मश्री मिळाली तीही २०१२ मध्येच. प्रेक्षक किती होते आणि पैसे कोणी दिले, यावरून कलेची पारख करायची ठरवली असती, तर हा सन्मान देताच आला नसता. न्यूयॉर्कच्या निकालातील भिन्नमताचे न्यायमूर्ती रॉबर्ट स्मिथ यांनाही असे नृत्य रुचत नव्हते आणि ते त्यांनी स्पष्ट लिहिले. तरीही आपल्या आवडीच्या कलेला सूट आणि नावडत्या कलेला कर, असा भेद शासनाने करू नये, यावर ते ठाम राहिले. मला तेच योग्य वाटते.

महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घातली, तेव्हा तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना त्यातून वगळले होते. तेच नृत्य महागड्या हॉटेलात चालते आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला. उमरेडच्या प्रकरणात तर आपल्याच नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांतील नृत्य तेवढ्यावरून अश्लील ठरत नाही, असे सांगून गुन्हा रद्द केला. न्यायालये इतक्या जपून बोलत असताना हा निवाडा कर अधिकाऱ्याच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते. आज शृंगार नको म्हणतील, उद्या खडी गंमत या आपल्या वैदर्भीय लोकनाट्यातला चावट संवाद नको म्हणतील.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर):
अभ्यासक ताईंचे बहुतेक म्हणणे मला पटते, पण एक गोष्ट सुटते आहे. एखादे नृत्य गुन्हा नाही, एवढ्यावरून त्याला करसवलत मिळालीच पाहिजे असे होत नाही. सवलत म्हणजे सार्वजनिक तिजोरीने सोडलेला पैसा असतो. तो कोणाच्या पदरात पडतो, हे मी आधी विचारीन. न्यूयॉर्कमध्ये सूट मागणारा क्लबचा मालक होता. नाचणाऱ्या स्त्रीच्या मानधनावरची सूट मला मान्य आहे, आणि ती लोककला व शास्त्रीय कलेपुरती मर्यादित न ठेवता सर्व नृत्यप्रकारांना द्यावी, असेही मी म्हणेन. मालकाच्या प्रवेशशुल्काला मात्र इतर व्यवसायांप्रमाणेच कर लागावा. त्यासाठी नृत्य कला आहे की नाही, हे ठरवण्याची वेळच कोणावर येणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. मानधनाची सूट सर्व नृत्यप्रकारांना मिळावी, ही ताईंची सूचना निवेदनात मांडण्याचा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवतो. एक व्यावहारिक शंका उरली आहे: पुढील रांगांचे तिकीट ८०० आणि मागील रांगांचे ३०० रुपये ठेवल्यास संपूर्ण कार्यक्रमावर कर लागेल का?

प्रतिसाद (करसल्लागार, धंतोली):
नाही. मर्यादा प्रतिव्यक्ती असल्याने ३०० रुपयांची तिकिटे करमुक्त राहतील. मंडळाची जीएसटी नोंदणी असल्यास ८०० रुपयांच्या तिकिटांवर कर आकारावा लागेल. त्यासाठी दोन्ही तिकिटांची पुस्तके आणि हिशेब वेगळे ठेवावेत.