कॉलेज 'हिरवं' करायचंय, हातात चार लाख आहेत. सुरुवात कुठून करू? (घणसोली)

मोरपंखी:

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईत घणसोलीजवळच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. स्टाफरूममध्ये वयाने सगळ्यात लहान, म्हणून ग्रीन कॅम्पस समिती माझ्या गळ्यात पडली आहे. दोन इमारती, तीन-साडेतीन हजार मुलं, एक कॅन्टीन, होस्टेल नाही. ४ लाख मंजूर झालेत आणि ते मार्चअखेर संपवायचे आहेत. प्राचार्यांच्या मनात गच्चीवर सोलर आणि मागच्या मोकळ्या जागेत मियावाकी (दाटीने लावलेलं छोटं जंगल) आहे.

आजवरचा अनुभव सांगते. मागच्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, १०० झाडं लावली, दिवाळीला ११ उरली. फोटो मात्र शंभरच्या शंभर झाडांचे आहेत. नॅक (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) पर्यावरणाचं विचारते म्हणून ग्रीन ऑडिट करून घेतलं, तर ऐंशी पानी अहवालात मधेच एका पानावर भलत्याच कॉलेजचं नाव. शिवाय आमच्या होस्टेलच्या मेसमधल्या बायोगॅसचं कौतुक! होस्टेलच नाही तर बायोगॅस कुठला?

मला काहीतरी खरं करायचंय. काय करू?

वायरमनकाका:

मॅडम, ३४ वर्षं इमारतींची इलेक्ट्रिक देखभाल केली आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

सर्वात आधी अकाउंट्समधून वर्षभराची वीजबिलं मागवा. नुसती रक्कम बघू नका. मंजूर भार किती, कमाल मागणी किती, पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं माप) दंड लागतोय का, हे बिलावरच छापलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं दंड भरतात आणि तो फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर पॅनल बंद पडलेला असतो.

मग पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. म्हणून लगेच सगळ्या वर्गांत बदलू नका. वर्गातला पंखा दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस चालतो, म्हणजे ५४ युनिट वाचतात. वाचनालयातला १४ तास, ३०० दिवस चालत असेल तर १८९ युनिट. युनिटला दहा रुपये आणि पंखा अडीच-तीन हजाराचा धरला, तर वाचनालयात पैसे दीड वर्षात वसूल, वर्गात पाच वर्षं. जिथे जास्त तास फिरतो तिथून सुरुवात करा. कॉम्प्युटर लॅबचे एसी २४ वर ठेवा. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगते. रिमोट लॅब असिस्टंटच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या, नाहीतर दुपारपर्यंत १८ झालेलं असतं.

सोलर चांगलंच आहे, पण ४ लाखांत तुमचं भागणार नाही. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. तुमच्यासारख्यांनी रेस्को बघावं. पॅनल कंपनी बसवते, मालकी तिचीच, तुम्ही फक्त युनिटचे पैसे देता. मे महिन्यात कॉलेज बंद आणि ऊन कडक, ते युनिट वाया जातील ही भीती बाळगू नका. नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज ग्रीडला देऊन बिलातून वजा करून घेणं) ते पुढच्या महिन्यांत वळते होतात आणि हिशेब मार्चअखेरीला मिटतो. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी महावितरणच्या ऑफिसात ताजं परिपत्रक विचारा. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग पॅनलच्या आधी, हे लिहून ठेवा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आठवत असेल, तर स्ट्रक्चर किती वाऱ्याला टिकेल तेही लेखी घ्या.

हिरवाई:

सरळ मियावाकी करा. कोपरखैरणेचं निसर्ग उद्यान बघून या, डोळे निवतात!

उंडीचं_झाड:

वरच्या सल्ल्याशी असहमत. मियावाकीत चौरस मीटरला तीनेक रोपं दाटीने लावतात आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी, खुरपणी सतत लागते. ज्या कॉलेजात १०० तली ८९ झाडं दिवाळीपर्यंत मेली तिथे हजार लावून काय होणार? मोरपंखी, राग मानू नका. मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. नाव नसेल तर रोपं आणू नका.

५ जूनचा हट्टही सोडा. आपल्याकडे तेव्हा बहुतेक वेळा पाऊस धड लागलेला नसतो. जूनअखेर माती मुरली की लावा. वीसच लावा, पण कमरेएवढी उंच आणि जाळीसकट. खाडीकडची खारट भरावाची जमीन असेल तर करंज, भेंड, उंडी तग धरतात. आतल्या बाजूला ताम्हण, बहावा. आणि असलेल्या झाडांच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक अगदी घट्ट बसवलेले असतील तर चारी बाजूंनी निदान मीटरभर उखडून काढा. फुकटात होणारं काम आहे, पण त्याचा फोटो बरा येत नाही म्हणून कोणी करत नाही.

पोटोबा:

मी एका कॉलेजचं कॅन्टीन चालवतो (तुमचं नाही, घाबरू नका). सगळ्या समित्या आमच्याकडे येऊन कागदी कप बंद करा म्हणतात. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, मान्य. पण मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत चारशे चहा जातात. काचेचे ग्लास धुवायला माणूस कोण देणार? आमच्याकडे कॉलेजने मोरीला दोन जादा नळ आणि एका मावशींचा अर्धा पगार दिला, तेव्हा जमलं. भाडं वाढवायचं आणि वर पर्यावरणही आमच्याच खिशातून, असं होत नाही ताई.

ओल्या कचऱ्याचं आधी आठवडाभर वजन करा. ताणकाट्याला पिशवी अडकवली की झालं. २०१६ च्या नियमांत रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठा कचरा उत्पादक धरलं होतं. तुमच्यासारख्या कॉलेजात कॅन्टीनचा ओला कचरा तीस-चाळीस किलोच्या पुढे जाईल असं वाटत नाही. त्याला लाखाचं मशीन नको. भोकं ठेवलेले विटांचे दोन हौद बांधा. एक थर ओला, वर दुप्पट सुका पाला. वास येतो तो पाला कमी पडल्यामुळे, आणि माळीदादा तोच पाला पोत्यात भरून बाहेर देतात!

दिवा_जलद:

मी विद्यार्थी. पर्यावरण अभ्यासाच्या प्रोजेक्टला आम्ही नेटवरून ओझोनचा थर उतरवून काढतो, मॅडमना माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. त्याऐवजी आम्हाला मीटर वाचायला लावा ना. आणि बाइकवरून येतो म्हणून बोलणी बसतात, पण पहिलं लेक्चर ७.१० ला ठेवलं तर ठाण्याला गाडी बदलून वेळेत पोचता येत नाही. टाइमटेबल ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-नवी मुंबई लोकलच्या) गाड्या बघून लावलं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या बाइक घरी राहतील.

उंडीचं_झाड:

@दिवा_जलद, शाब्बास. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, ते ओझोन उतरवण्यासाठी नव्हे. युजीसीच्या अभ्यासक्रमात फील्डवर्क धरलेलंच आहे.

खाडीकाठ:

पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. रेन वॉटर हार्वेस्टिंग म्हणून कंत्राटदार शोषखड्डा खणून देईल. खाडीच्या भरावावर असाल तर पावसाळ्यात हातभर खाली पाणी लागतं, तेही मचूळ. तिथे जिरवण्यात काही अर्थ नाही, साठवा. १,००० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर. एका चांगल्या सरीत टाकी भरते आणि फ्लशला, फरशीला वापरता येते. घोडबंदरला येऊरच्या पायथ्याशी असता तर जिरवा म्हटलं असतं.

पण त्याआधी गळती. मोरबे धरणाचं पाणी खालापूरहून इथवर येतं आणि आपल्या फ्लशमधून रात्रभर वाहतं. शनिवारी रात्री ८ ला पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी काठीने मोजा, रविवारी सकाळी ६ ला परत मोजा.

आणखी एक, खाडीच्या दिशेचे हॅलोजन रात्री बंद ठेवा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे. मुलांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने एकदा नेऊन आणा, मग दिवे का बंद करायचे ते सांगावं लागत नाही.

मोरपंखी:

सगळ्यांचे आभार. वजन केलं, ओला कचरा रोज सरासरी ३१ किलो निघाला, पोटोबा दादा अगदी जवळ होते. हौद बांधायला प्राचार्यांनी होकार दिलाय. टाइमटेबलचं बोलले तेव्हा त्यांनी विषय बदलला, पण मी पुन्हा काढणार आहे.

शनिवारी टाकी मोजली. टाकी ४ बाय ३ मीटर, रात्रीत पातळी १७ सेंटिमीटर उतरली. म्हणजे दोन हजार लिटर, इमारतीत चिटपाखरू नसताना. वॉचमनदादांना विचारलं तर म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमधून दोन वर्षं आवाज येतोय. मी आजवर त्यांना विचारलंच नव्हतं.

आता प्लंबर म्हणतो, सगळ्या फ्लश टाक्या बदला. करू का?

वायरमनकाका:

अजिबात नको. आतला वॉशर आणि फ्लोट व्हॉल्व्ह बदलायला सांगा. एक टाकी दुरुस्त करून रात्री परत मोजा, मग पुढची. आणि पॉवर फॅक्टरचं काय निघालं ते कळवलं नाहीत तुम्ही.

मोरपंखी:

दंड आहे, काका. चौदा महिने. कपॅसिटर पॅनलची खोली उघडली तर आत मागच्या गॅदरिंगचे पडदे भरलेले होते.