प्रार्थनेचा मेसेज असला तरी

"वाईट काही टाकू नये एवढं पाळलं की पुरे, प्रार्थनेचा मेसेज पुढे पाठवल्याने कोणाचं काय बिघडतं" असं ख्रिस्ती माणसाने मोबाईल कसा वापरावा यावर वर लिहिलंय, ते नाही पटलं. त्यातले शिवीगाळ नको, टाईमपास नको हे मुद्दे ठीकच, पण खोटी साक्ष देऊ नको ही बायबलमधली आज्ञा फक्त कोर्टापुरती आहे का? आमच्या नवापूरकडच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो 'अफगाणिस्तानात 22 मिशनऱ्यांना उद्या मृत्युदंड' वाला मेसेज आला होता, एका मावशींनी उपासनेत उभं राहून मोबाईल डोळ्यांजवळ धरून तो वाचला, वाचता वाचता रडल्या, सगळ्यांनी गुडघे टेकले. नंतर शोधलं तर तो कित्येक वर्षं फिरतोय आणि दरवेळी फाशी उद्याच! 2007 मध्ये तालिबानने कोरियातल्या चर्चचे 23 जण पळवले होते हे खरं, त्यातले दोघे मारले गेले न बाकीचे सुटले, पण ते वेगळं. मावशींना सांगायला माझीच जीभ रेटेना, शेवटी पाळकांना सांगितलं.

आणि बिघडतं काय म्हणाल तर राईनपाडा आपल्याच साक्री तालुक्यात आहे ना. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा दिवस, पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच मोबाईलवर फिरत होती, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणायचं जाहीर केलं. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांनाही वाटलंच असेल की आपण पोरांच्या काळजीपोटीच पाठवतोय.