‘सतर्क राहावे’ म्हणजे नक्की काय करावे?

शब्दचर्चेत पाऊस आणल्याबद्दल माफी, पण प्रश्न शब्दाचाच आहे.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, मुठा नदीपासून दोन गल्ल्या आत. २४ जुलै २०२४ च्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता: ‘विसर्ग वाढविण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ मी वाचला, अंगठा टाकला आणि झोपले. पहाटे वॉचमनने दार बडवलं, कारण वीज गेल्यामुळे बेल बंद. खाली पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी, आणि माझ्या स्कूटरच्या हँडलला कुणाची तरी एक चप्पल अडकलेली.

मी सतर्क नव्हते असं कसं म्हणू? सतर्क राहणे ही क्रिया कशी करतात तेच मला ठाऊक नव्हतं. जागं राहायचं? गॅलरीतून नदीकडे बघत बसायचं? गाडी काढायची? शिवाय ‘नदीकाठचे नागरिक’ म्हणजे आम्ही, हेही त्या रात्री डोक्यात आलं नाही.

तर इशारा, सूचना, सावधानता, सतर्कता यांत काही चढती भाजणी आहे का? आणि पाण्याला ‘विसर्ग’ कुठून आला?

शनिपारकर
व्युत्पत्तीपुरतं सांगतो. सावध म्हणजे स + अवधान, लक्ष जागेवर असलेला. सतर्क म्हणजे तर्कासह. सरळ मराठीत, डोकं लावा. कुठे लावायचं ते मात्र शब्दात नाही. विसर्ग हा वि + सृज्, सोडून देणे. श्वास सोडला की अक्षरापुढे दोन टिंबं, धरणाची दारं उघडली की नदीला पूर.

‘इशारा’ची गंमत वेगळीच. शब्द अरबी, मूळ अर्थ खूण. हिंदीत आजही इशारा डोळ्यांनी करतात. मराठीत आपण तो खुणेवरून धमकीवर आणला. ‘बेमुदत उपोषणाचा इशारा’, ‘रास्ता रोकोचा इशारा’ रोज छापून येतो, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता चालूच असतो. मग त्याच पानावरचा मुसळधार पावसाचा इशाराही आपण त्याच नजरेने वाचतो. माझ्या मते हा शब्द बोथट झाला आहे. पूर्वीच्या दवंडीत निदान ढोल तरी वाजायचा.

टिंबटिंब
शाळेत दुःखात विसर्ग पाहिला. सिंहगड रोडच्या एकतानगरीत विसर्गात दुःख पाहिलं.

जुना कालवेवाला
पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होतो, आता घरी बसून वाद घालतो. ताई, खरी अडचण ‘क्युसेक’ची आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. हंड्यांत मोजा, दोनेक हंडे. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. तुमच्याकडे पाणी शिरलं त्या पहाटे आकडा ३५ हजारांच्या आसपास होता. दर सेकंदाला शंभर टँकर! पुण्यात टँकर कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा मेसेजमध्ये हेच लिहावं.

दुसरं, ‘पाणी सोडलं’ या क्रियापदावर माझा आक्षेप आहे. त्यात मर्जी दिसते. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्याच्या वरची पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांचा मिळून २९ टीएमसीच्या वर. म्हणजे खडकवासला हे धरण कमी आणि वेस जास्त. ३५ हजारांची आवक झाली तर रिकामं धरणसुद्धा पंधरा-सोळा तासांत काठोकाठ भरेल, आणि जुलैअखेर ते रिकामं थोडंच असतं? जेवढी आवक तेवढी जावक. ‘सोडावं लागलं’ म्हणा.

धागाकर्ती
काका, ‘सोडावं लागलं’ मान्य. पण किती वाजता सोडावं लागणार, हे झोपायच्या आधी कळावं एवढंच मागणं आहे.

वेधशाळेजवळची
आणखी एक फसवा शब्द: ‘तुरळक’. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर. त्यानंतर काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी असे टप्पे चढत जातात. हा जागांचा हिशेब आहे, जोराचा नाही. जोर ‘मुसळधार’मध्ये असतो: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार. माझी आई ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ ऐकून वाळवण गच्चीत ठेवते. तिच्या कानात तुरळक म्हणजे चार थेंब.

रंगांचंही तसंच. आपण तिन्हींना ‘अलर्ट’ म्हणतो आणि रंग तेवढा बदलतो. मुळात प्रत्येक रंगाला स्वतःचं क्रियापद आहे. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: कृती करा. क्रियापद गाळून रंगच पुढे ढकलला की काय होतं ते पेठांत दिसतं. ‘पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट’ आणि लक्ष्मी रोडवर ऊन. लगेच ‘आज छत्री घरी ठेवा’चे विनोद. तो लाल रंग बरेचदा घाटमाथ्यासाठी असतो, ताम्हिणी-लोणावळ्याकडचा. आणि मुठेला पाणी शनिपारावरून येत नाही, घाटाकडूनच येतं.

ओढ्याकाठचा
लाल रंगाचा आणखी घोळ. नकाशावरच्या पूररेषांत निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. म्हणजे लाल रेषा नदीपासून लांबची आणि जास्त धोका निळीच्या आत. अलर्टमध्ये लाल सर्वांत वाईट, नकाशात निळी. फ्लॅट विकणारा आम्हाला म्हणाला होता, ‘निश्चिंत राहा, पंचवीस वर्षांतून एकदाच येतो.’ अहो, म्हणजे दरवर्षी शंभरात चार शक्यता! गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुटी नसते.

आणि धरणावरच अडू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर धुऊन काढलं, तेव्हा वर कुणी दारं उघडली नव्हती. कात्रजकडे पाऊस कोसळला आणि ओढा आला. आम्ही त्याला वर्षानुवर्षं ‘नाला’ म्हणत आलो होतो. नाला म्हटलं की सांडपाणी आठवतं. ओढा म्हटलं असतं, तर ओढून नेतो हे निदान नावात तरी राहिलं असतं. (व्युत्पत्ती चुकली असेल तर शनिपारकरांनी झोडावं.)

शनिपारकर
झोडत नाही. आज सवलत.

वेधशाळेजवळची
मराठीत आभाळातली वीज आणि मीटरमधली वीज एकच, हेही नोंदवते. ‘विजेपासून सावध’ म्हणजे कोणत्या? २५ जुलैच्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. ती आभाळातली नव्हती. आभाळातलीसाठी पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. उघड्यावर सापडलात तर झाडाखाली जाऊ नका, पाय जुळवून उकिडवे बसा, असं सांगतात. माझ्या भाचीने विचारलं, ‘मावशी, उकिडवे म्हणजे?’ बसून दाखवावं लागलं.

धागाकर्ती
सगळं वाचून सोसायटीसाठी मेसेजचा नवा मसुदा केला. ‘सतर्क’ काढून टाकलं. बघा कसा वाटतो:

‘मुठेत दर सेकंदाला सत्तर टँकर पाणी येतंय, वाढणार आहे. रात्री दहाच्या आत गाड्या वर काढा. तळमजल्यावरच्यांनी पहिल्या मजल्यावर झोपायला या. पार्किंगमधला मेन स्विच वॉचमन बंद करेल, लिफ्ट वापरू नका. अडकलात तर ११२.’

जुना कालवेवाला
उत्तम. एकच शंका. ‘वर काढा’ म्हणजे कुठे? रस्त्यावर की कालव्याच्या बाजूला? रात्री दहाला चाळीस जण एकदम विचारतील.