हागवॉनमधली तक्रार वॉनजांगच्या गळ्यात टाकून मोकळं होता येत नाही

कोरं_पान
कोरियात इंग्रजी शिकवायला निघालेल्यांना परवा इथे एक सल्ला मिळाला: 'हागवॉनमध्ये (खासगी शिकवणी वर्गात) पालकांची तक्रार आली की ती वॉनजांगने (वर्गाच्या चालकाने) निस्तरायची. आपण मान डोलवायची आणि आपला तास घ्यायचा.' त्यावर वाहवा झालेली बघून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

वॉनजांग निस्तरतो म्हणजे काय करतो? ओमोनिमची (मुलाच्या आईची) माफी मागतो आणि शिक्षकाला निरोप देतो, 'जरा मजेशीर शिकवा.' मूळ तक्रार मधल्यामध्ये विरून जाते. आईने फोनवर सांगितलेलं असतं की फोनिक्सच्या (अक्षरं आणि त्यांचे आवाज शिकवणाऱ्या) वर्कबुकची सहा पानं कोरी आहेत. शिक्षक 'मजेशीर' ऐकून खेळ वाढवतो, खेळात वेळ जातो, पुढच्या महिन्यात नऊ पानं कोरी राहतात आणि मूल हागवॉन सोडतं.

कोऱ्या पानाला कमी लेखू नका. आई वर्गात बसू शकत नाही. पोराला विचारलं तर ते 'काही नाही केलं' म्हणतं. रात्री दप्तर उघडल्यावर तिला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल अशी वस्तू एकच, ते पुस्तक. म्हणून चाळीस मिनिटांच्या तासातली शेवटची तीन मिनिटं पुस्तकासाठी राखून ठेवा. प्रत्येकाचं पान बघा, तारीख टाका. पान तोंडी घेतलं असेल तर कोपऱ्यात 'मालहागी' (बोलणं) असं लिहा, म्हणजे ते सोडून दिलेलं दिसत नाही. चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण राहून गेली तर ती कोऱ्या पानाहून वाईट, कारण तिचा फोटो काढता येतो. आणि मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका. तिथे लाल नाव मरणाशी जोडलेलं आहे.

बुसानचा_वारा
साफ असहमत. फी वॉनजांग घेतो, प्रवेश तो देतो, ओमोनिमची भाषा त्याला येते. शिक्षकाने मधे पडायचं कशाला? एकदा काकाओटॉकवर (तिथल्या मेसेजिंग ॲपवर) थेट उत्तर दिलंत की रात्री अकराला गृहपाठाचे फोटो यायला लागतात, आणि अर्धवट कोरियनमध्ये लिहिलेलं एक वाक्य मॉमकॅफेवर (आयांच्या ऑनलाइन गटावर) पोचतं. तिथे शिक्षकाने खुलासा करायला जाणं तर आणखी धोक्याचं. कोरियात खरी गोष्ट जाहीर लिहिली तरी बदनामीचा गुन्हा लागू शकतो.

शिवाय तक्रार कधी आली ते बघा. परताव्याचा नियम ठरलेला आहे. महिन्याच्या कोर्सचा एक तृतीयांश भाग व्हायच्या आत सोडलं तर दोन तृतीयांश फी परत, अर्ध्याच्या आत सोडलं तर निम्मी, त्यानंतर काही नाही. पहिल्या दहा दिवसांतली तक्रार वर्गाबद्दलची असते. पंचवीस तारखेनंतर आलेला फोन बहुतेक वेळा दुसऱ्या हागवॉनची लेव्हल टेस्ट देऊन झाल्यावर आलेला असतो. तेव्हा शिक्षकाने पानं रंगवून काय फरक पडणार?

कोरं_पान
वेळेचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला. पण थेट काकाओवर बोला असं मी कुठे म्हटलंय? तक्रार नेमक्या शब्दांत मागून घ्या, एवढंच म्हणतोय.

तिसरी_यत्ता
दोघांनी एक गोष्ट धरलेलीच नाही. सरकारी शाळेत इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. त्याआधीचं सगळं पालक पदरचे पैसे मोजून करतात. सुनुंगची (विद्यापीठ प्रवेश परीक्षेची) इंग्रजी 2018 च्या प्रवेशाच्या परीक्षेपासून निरपेक्ष श्रेणीची झाली, नव्वद किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या सगळ्यांना पहिली श्रेणी. त्यामुळे इंग्रजी लवकर उरकायचं आणि पुढची वर्षं गणिताला द्यायची, असा घराघरातला हिशोब असतो. 'मूल पुढच्या लेव्हलला का गेलं नाही' ही तक्रार तिथून येते. वीस शब्दांच्या चाचणीत पोराला अठरा पडतात आणि आईला वाटतं लेव्हल झाली. वाचनात ते अडखळतंय हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. महिन्याच्या शेऱ्यात 'छान प्रगती' लिहिण्याऐवजी कोणता परिच्छेद, किती शब्द अडले, ते लिहा.

मराठी_मास्तरीण
पानं आणि श्रेण्या राहू द्यात. आपल्या लोकांवर येणारी तक्रार वेगळीच असते. वेळापत्रकावर आडनाव वाचलं की फोन येतो, 'या शिक्षिका कुठल्या?' हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायचा ई-टू व्हिसा सात देशांच्या नागरिकांनाच: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया सेपा या व्यापार करारात भारतीयांना वाट मिळाली ती शाळेतल्या साहाय्यक शिक्षकाची, हागवॉनची नाही. म्हणजे हागवॉनमध्ये शिकवणारी मराठी माणसं बहुतेक कॅनडा-अमेरिकेचा पासपोर्ट असलेली, नाहीतर लग्नाच्या एफ-सिक्स व्हिसावरची. टोरांटोत वाढलेल्या मुलीच्या उच्चारावर निव्वळ आडनाव बघून तक्रार होते. याला पूर्वग्रह म्हणतात. इथे तुमचं तीन मिनिटांचं पान काय करणार?

ओठ_आणि_दात
टोरांटोत वाढलेल्या मुलीबद्दल बरोबर आहे तुमचं. पण महाराष्ट्रात शिकून गेलेल्या प्रत्येकाची उच्चाराची तक्रार पूर्वग्रहात ढकलू नका. कोरियन कान 'प' ऐकतो कसा, ते समजून घ्या. त्यांच्याकडे हवेचा झोत असलेला प वेगळा आणि आवळलेला, झोत नसलेला प वेगळा. आपण 'पिन' म्हणतो तेव्हा झोत सोडत नाही. मुलाला त्यांचा आवळलेला प ऐकू येतो, घरी जाऊन ते तसंच म्हणतं, आणि आई दचकते कारण रेकॉर्डिंगमध्ये दुसरंच आहे. ट आणि क यांचंही तेच.

मराठी_मास्तरीण
म्हणजे शेवटी दोष आमच्या जिभेचाच? पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पोरांनाही आपापल्या गावचे उच्चार असतात. ग्लासगोच्या माणसाला कुणी ओठांसमोर कागद धरायला सांगत नाही. जोहान्सबर्गच्या शिक्षकावरही तक्रार येते, पण त्याच्या आडनावावर येत नाही.

ओठ_आणि_दात
चिडू नका, मी दोष म्हणत नाहीये. कागदाचं तुम्हीच काढलंत तर सांगतो. बोटभर रुंद पातळ कागदाची पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा. 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पिन' म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. मराठी माणसाची पट्टी दोन्हीकडे स्थिर राहते. दुसरी जागा 'व'. आपला व व्हेस्टलाही तोच आणि वेस्टलाही तोच. कोरियनमध्ये व्हेस्टचा आवाजच नाही, मुलं त्याचा 'ब' करतात, 'व्हेरी' आणि 'बेरी' एक होतात. ते सुधारायला मुलाला शिक्षकाचे वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत. शिक्षकाचेच टेकत नसतील तर आईची तक्रार रास्त आहे. चार-सहा आठवडे रोज दहा मिनिटं दिली की या दोन्ही जागा सुधारतात. मूळ ढब बदलायची काही गरज नाही.

मराठी_मास्तरीण
प आणि व चं घेतलं. त्यापलीकडे एक शब्द मान्य नाही. आडनाव बघून येणाऱ्या फोनला वॉनजांगने पहिल्याच वेळी ठाम उत्तर द्यायला हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी दिलं जात नाही.

वाटसरू
सगळे शिक्षकालाच कामाला लावताय. 2023 मध्ये सोलच्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या मृत्यूनंतर हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर आले, कायदे बदलले. आता पालकांना आवर आहे की.

तिसरी_यत्ता
ते कायदे शाळेच्या शिक्षकांसाठी आहेत. हागवॉनच्या शिक्षकाला त्यांचं कवच नाही. वर, पाचपेक्षा कमी कामगार असतील तर अन्याय्य बडतर्फीविरुद्धचं संरक्षणही मिळत नाही. कामाला तीन महिने झालेले असतील तर तीस दिवसांची पूर्वसूचना किंवा तेवढा पगार, एवढंच हातात राहतं. म्हणून तर तक्रारीची नोंद स्वतःकडे हवी.

बुसानचा_वारा
नोंदीपुरता मी मागे येतो, बाकी मत तेच. निरोप तोंडी आला तर त्याच दिवशी वॉनजांगला काकाओवर तीन प्रश्न लिहून पाठवा: कोणत्या दिवशीचा तास, कोणतं पान, मूल कोणाशेजारी बसलं होतं. तिसरा प्रश्न गाळू नका. 'कंटाळा येतो' या तक्रारीचं कारण कितीदा तरी शेजारच्या बाकावर असतं, आणि जागा बदलली की प्रकरण तिथेच मिटतं. ओमोनिमला मात्र उत्तर वॉनजांगच देईल.

कोरं_पान
उत्तर त्याने द्यावं, पण पाठवण्याआधी शिक्षकाला दाखवावं. 'पुढच्या आठवड्यात पुस्तक पूर्ण करून देऊ' असं तो परस्पर कबूल करून बसतो आणि बावीस पानं चार तासांत बसवायची वेळ शिक्षकावर येते.